घड्याळवाल्याने चेंडू पाहिला

चेंडू सगळ्या जगाने बघावा, घड्याळवाल्याने नाही. मैदानाच्या कडेला टेबलाशी बसायचं, बाहेरून आत फेकलेल्या चेंडूला खेळाडूचा हात लागला रे लागला की बटण दाबून जाळीच्या वरचं घड्याळ सुरू करायचं आणि डोळे पुन्हा पंचावर. चेंडू पुढे जाळीत पडो नाहीतर खड्ड्यात, त्याला काय!

बास्केटबॉल संघाच्या पहिल्या हंगामापासून तो हे पाळत आला होता. तेव्हा संघ एका शाळेच्या व्यायामशाळेत खेळायचा आणि माणसांपेक्षा खुर्च्या जास्त असायच्या. मग चांगले दिवस आले, मोठं सभागृह आलं, एका वर्षी चषकही आला. चषक जिंकून देणारी बास्केट झाली तेव्हा हा पंचाचा हात बघत बसला होता. तिकीटखिडकीवर बसणारी त्याची बायको पोट धरून हसली. “अहो, लग्नाला गेलात आणि नवरी न बघताच आलात!”

पुढे उतरती कळा लागली. चांगले खेळाडू सोडून गेले, मालक बदलले. शेवटच्या मालकाने तर सांगूनच टाकलं, यंदा खालच्या गटात घसरलात तर टाळं लावतो. पोटापाण्याचं सोडा, नवराबायकोला मूलबाळ नव्हतं. संध्याकाळी जायला त्यांना दुसरी जागाच नव्हती.

हंगामाचा शेवटचा सामना. जिंकलो तर टिकलो. एका गुणाने मागे, घड्याळात दोन सेकंद, चेंडू आपला. झेलायचा आणि फेकायचा, एवढाच वेळ. संघातला सगळ्यांत जुना खेळाडू, ज्याला सगळे शिडी म्हणत, जाळीसमोर येऊन उभा राहिला. आज नाही पाहिलं तर पुन्हा बघायला काही उरणारच नाही, असं घड्याळवाल्याच्या मनात आलं आणि तिथेच घात झाला. नजर आधीच जाळीवर जाऊन बसली.

शिडीने चेंडू झेलला, एक टप्पा मारला, अंगावर आलेल्याला चकवलं आणि फेकला. घड्याळवाल्याने उभ्या जन्मात पहिल्यांदा बास्केट होताना पाहिली. काय सुंदर पडतो हो चेंडू! सभागृह नाचायला लागलं. मग त्याचं लक्ष हाताकडे गेलं. बोट बटणावर नुसतंच टेकलेलं होतं. घड्याळात अजूनही पूर्ण दोन सेकंद होते.

पंचांनी चित्रफीत पुन्हा पुन्हा लावून पाहिली. चेंडू हातातून सुटण्याआधीच खरे दोन सेकंद उलटून गेले होते. बास्केट रद्द. संघ घसरला. पाहुणे त्याला चोर म्हणाले, आपले गाढव म्हणाले.

सभागृह रिकामं झालं. बायको खिडकी बंद करून त्याच्यामागे येऊन उभी राहिली. गळ्यात टॉवेल अडकवून शिडी टेबलापाशी आला. बिचारा रागावलेलाही नव्हता.

“काका, झेलल्या झेलल्या फेकणार होतो मी. जागा होती समोर. पण जाळीवरचं घड्याळ बघितलं, तर ते हललंच नव्हतं. म्हटलं, आहे वेळ, एक टप्पा घेऊ.”

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

“चला घरी,” बायको हळूच म्हणाली. त्याला उठताच येईना.