धुऊन परत केलेली गाडी

सोसायटीतील सर्व सभासदांस सप्रेम नमस्कार. आज सकाळी माझ्यावर जो प्रसंग आला, तो सूचनाफलकावर मुद्दाम लिहून लावीत आहे.

नातीच्या साखरपुड्यास पनवेलला जाण्याकरिता काल शिरवणे गावातील एका गृहस्थाकडून फियाट भाड्याने घेतली. ती चिखलाने माखलेली होती. मालकाने तारण म्हणून आमचे रेशनकार्ड ठेवून घेतले आणि ‘गाडी सुस्थितीत मिळाली’ असे लिहिलेल्या कागदावर माझी सही घेतली. गाडी मुलाने चालविली. कोठेही धक्का लागला नाही.

परक्याची वस्तू स्वच्छ करूनच परत द्यावी, ही माझी शिस्त आहे. मुलगा म्हणाला, “अण्णा, राहू द्या ना, आपली आहे का?” तरीही मी स्वतः गाडी धुतली. चिखल निघाला आणि मागच्या दारावर हातभर पोचा दिसला.

पोचा आधीचाच असून चिखलाखाली होता, असे मी आज सकाळी गाडी परत देताना मालकास सांगितले.

“कंचा चिखल, आजोबा? गाडी तर चकचकीत हाय! दार नीट करून द्या नि कार्ड न्या.”

“मी खोटे बोलत नाही.”

“सगले तसंच बोलतान.”

दाराचा खर्च आम्हांस झेपणारा नाही. कार्डावाचून साखर नाही, रॉकेल नाही.

आपण गाडी घ्याल तेव्हा ती धुतलेलीच घ्या आणि प्रत्येक पोचा कागदावर लिहून घ्या.

काल ती माखलेली गाडी आपल्यापैकी दोघांनी पाहिली होती. साक्षीस चला, अशी विनंती मी दुपारी केली. त्या मालकाशी वाकडे नको, असे दोघेही म्हणाले. त्यांची नावे मी येथे लिहीत नाही. आता आणखी कोणास विचारावे?