कमळाकरचा आडवा डबा

फोटो काढायचा म्हटलं की पनवेलच्या माणसाच्या अंगात काय संचारायचं कुणास ठाऊक. एरवी बाजारात हसतखिदळत, एकमेकांच्या पाठीत धपाटे घालत उभा असलेला गडी कॅमेरा दिसला की टोपी सरळ करायचा, श्वास कोंडायचा आणि डोळे वटारून असा उभा राहायचा की जणू समोर फौजदारच आहे. बायका पदर इतका पुढे ओढून घ्यायच्या की फोटोत नुसतं लुगडं यावं. लोकांना तरी दोष कशाला द्यायचा? एकोणीसशे पन्नासच्या आसपासचा काळ, आयुष्यात एखाददुसराच फोटो निघायचा, तो नीटच निघायला हवा होता. दोष असलाच तर तो कमळाकरचा. त्याला माणसं जशी असतात तशीच फोटोत हवी होती, आणि तशी ती कुणी देत नव्हतं.

कमळाकर भाताच्या गिरणीत कारकून होता. गिरणीच्या कामासाठी महिन्याकाठी मुंबईला जायचा, आणि अशाच एका फेरीत जुन्या बाजारातून काळा चौकोनी बॉक्स कॅमेरा घेऊन आला. जेवणाच्या डब्याएवढा. पिशवीत टाकला तर कुणाला पत्ता लागू नये असा. त्याची बायको शकू त्याला कॅमेरा म्हणायलाच तयार नव्हती.

"माणसं मुंबईहून येताना साडी आणतात. ह्यांनी डबा आणला, आणि तोही रिकामा," ती शेजारणीला सांगायची.

डबा चालवायची तऱ्हाही जगावेगळी होती. तो डोळ्याला लावायचा नाही, पोटाशी धरायचा. वर काचेची एक छोटी खिडकी, तिच्यात मान खाली घालून बघायचं आणि कळ दाबायची. त्यामुळे भर बाजारात स्वतःच्या पोटाकडे टक लावून उभा असलेला कमळाकर पाहिला की नवख्या माणसाला वाटायचं, ह्याच्या पोटात कळ आली आहे. एका म्हातारीने तर त्याला ओवा खायला सांगितला होता.

पहिले काही रोल असे वाया गेले. टोप्या सरळ, डोळे वटारलेले, लुगडी. मग एके दिवशी वडाळे तळ्याच्या काठी झाडाखाली बसलेला न्हावी त्याला दिसला. गिऱ्हाइकाच्या गालाला साबण लावून न्हावी स्वतःच्याच पोटऱ्या खाजवत बसला होता आणि गिऱ्हाईक डुलक्या घेत होतं. काय दृश्य होतं! कमळाकरने डबा काढला मात्र, न्हाव्याने पाठ ताठ केली आणि वस्तरा तलवारीसारखा वर धरला. गिऱ्हाइकानेही साबणासकट छाती काढली. कमळाकर वैतागला आणि तळ्याकडे तोंड करून वळला. पण डबा पोटाशी आडवा तसाच राहिला होता. सहज खाली पाहिलं तर काचेच्या खिडकीत न्हावीच. आणि संकट टळलं असं समजून तो पुन्हा मन लावून खाजवायला लागलेला. कमळाकरने कळ दाबली.

तेव्हा त्याला कळलं की माणसं कॅमेऱ्याला भीतच नाहीत, ती फोटो काढणाऱ्याच्या नाकाला भितात. नाक ज्या दिशेला, तिकडची माणसं ताठ होतात. डब्याला डोळा कुठल्या अंगाला आहे हे पनवेलमध्ये कुणालाच माहीत नव्हतं. आपण उत्तरेकडे बघायचं आणि डबा पूर्वेकडे फिरवायचा, एवढीच सगळी कला.

फक्त एक अडचण होती. भिंतीकडे तोंड करून पोटाकडे बघणाऱ्या माणसाभोवती लोक जमतात. नाकासमोर कुणीतरी उभं हवं. ते काम गणूसारखं दुसऱ्या कुणाला जमलंच नसतं.

गणू हा कमळाकरचा शाळेतला दोस्त. मूळचा विचुंब्याचा, पण एस.टी. स्टँडजवळ त्याचं भाड्याच्या सायकलींचं दुकान होतं. अंगाने काटकुळा, कान दोन्ही बाजूंना उघडलेले, आणि आपण देखणे आहोत याबद्दल त्याच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. फोटो म्हटला की तो एका पायावर तयार असायचा, आणि हे अगदी शब्दशः, कारण एक पाय सायकलच्या पायडलवर ठेवणं ही त्याची आवडती पोझ होती. दुसरी पोझ काळा चष्मा लावून आभाळातलं विमान बघण्याची. तिसरीत तो छत्रीला टेकून विचार करायचा. कसला विचार ते त्यालाही सांगता आलं नसतं.

मग काय विचारता! दर रविवारी जोडी निघायची. मिरची गल्लीत गणू पोझ घ्यायचा आणि कमळाकर त्याच्याकडे तोंड करून शेजारच्या दुकानातला शिंकणारा शेठ टिपायचा. सायकली काढून दोघं कर्नाळ्याला जायचे, उरणला समुद्रावर जायचे. तिथे गणू वाळूत छत्री रोवून विचार करत बसायचा आणि डबा आडवा होऊन मासळीवाल्या बायकांना टिपायचा. फोटो धुऊन आले की कमळाकर खुलून जायचा. तोंड उघडं टाकून हसणाऱ्या कोळणी, मांडीवर थाप मारणारा एस.टी.चा ड्रायव्हर, चहाचा कप ओठाशी धरून थबकलेला हमाल. काय जिवंत माणसं होती ती! आपल्या हाताला काहीतरी देणगी आहे, माणसं आपल्यासमोर स्वतःला विसरतात, असं तो स्वतःशी म्हणायचा. शकूलाही म्हणायचा.

"फोटो झकास आहेत," शकू म्हणायची, "पण गणूभाऊजी कुठायत यात?"

कमळाकर विषय बदलायचा. गणू विचारायचा तेव्हाही बदलायचा. शेवटी एकदा कोंडीत सापडल्यावर तो म्हणून गेला, "एकेक काय देत बसू? तुझ्या लग्नात एकदम अल्बमच देईन."

गणूला हे इतकं पटलं की त्याने सगळ्या स्टँडला सांगितलं. मग तो आणखी मन लावून पोझ घेऊ लागला.

आता अल्बमाचा दिवस उजाडायचा नाही असं कमळाकर धरून चालला होता, कारण गणूचं जमत नव्हतं. त्याची आई सोनाबाई चार गावं पालथी घालून दमली होती. कुणाला कान आवडत नव्हते, कुणाला सायकली. आणि एक दिवस जासईचं स्थळ आलं. मुलगी सत्यवती, मिठागरवाल्यांच्या घरातली, सात इयत्ता शिकलेली. तिचा मामा तुळशीराम निरोप घेऊन आला की बाकी सगळं पसंत आहे, पण पोरीचा हट्ट आहे. आधी मुलाचा फोटो पाहिजे.

"पोरगी पोराचा फोटू मागतं?" सोनाबाई म्हणाली. "काय दिवस आलं."

पण गणूने छाती पुढे काढली. "एक काय मागता मामा, पन्नास देतो. परत याल तवा घेऊन जावा."

कमळाकरला ही बातमी कळली तेव्हा त्याच्या पोटात खरोखरच कळ आली. त्या रविवारी त्याने आयुष्यात पहिल्यांदा डबा सरळ धरून गणूवर अख्खा रोल संपवला. पायडल, विमान, छत्री, सगळं घेतलं. फोटो धुऊन आले आणि त्याने कपाळाला हात लावला. गणू एकातही जिवंत दिसत नव्हता. कान आधी आले होते आणि चेहरा मागून. पायडलवर पाय ठेवलेल्या फोटोत तर चोरीच्या सायकलसकट पकडून आणल्यासारखा दिसत होता.

शकूने फोटो पाहिले. "हे पाठवलेत," ती म्हणाली, "तर मुलीकडची माणसं लग्नाला नाही, दहाव्याला येतील."

तुळशीराम यायचा दिवस उजाडला. कमळाकर बिस्किटाच्या डब्यात सगळे जुने फोटो घालून गणूच्या दुकानात गेला. खोटं बोलायचं त्राण त्याच्यात उरलं नव्हतं. गणूने हात पुसले, काळा चष्मा डोळ्यावर चढवला, जणू फोटोतल्या गणूला भेटायला नीट जायला हवं, आणि डबा उघडला. एक फोटो पाहिला, दुसरा पाहिला, तिसरा पाहिला.

"कमल्या, यात मी कुठं हाय?"

"नाहीस."

"एकात पन नाय?"

कमळाकरने सगळं सांगितलं. नाक कुठे आणि डबा कुठे, न्हाव्यापासून सगळं. गणू ऐकत राहिला. मग त्याने चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने पुसत बसला.

"म्हंजी इतकी वर्सं मी नुसता हुबा व्हतो," तो म्हणाला.

कमळाकरला वाटलं, ह्याने दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. माणसाला इतकी वर्षं बुजगावण्यासारखं उभं केलं आणि वर त्याला मित्र म्हणवून घेतलं, याची त्याला भयंकर लाज वाटली. तो काही बोलणार एवढ्यात उरणची एस.टी. आली आणि तीतून तुळशीराममामा उतरून थेट दुकानातच आला.

"काय जावई, फोटू?"

गणूने बिस्किटाचा डबा बंद केला आणि तसाच त्याच्या हातात दिला. "हे घ्या. माझं फोटू," तो म्हणाला आणि पंक्चर काढायला पाठ करून बसला. मामाला परतीची गाडी गाठायची होती. डबा काखोटीला मारून तो गेलाही. आत न्हावी, हमाल, शेठ आणि कोळणी होत्या. कमळाकरने त्याला अडवायला हात वर केला, पण गणूची पाठ बघून तो खाली घेतला.

पुढचे दिवस वाईट गेले. गणू बोलेना. सोनाबाई देवाला नारळ कबूल करत होती. कमळाकरने कॅमेरा माळ्यावर टाकला आणि शकूने त्याला एका शब्दाने टोमणा मारला नाही, यावरून प्रकरण किती गंभीर होतं ते कळावं.

मग बाजाराच्या दिवशी दुपारी तुळशीराम पुन्हा उतरला. मागे एक मुलगी होती, काखेत बिस्किटाचा डबा. कमळाकर तेव्हा गणूची समजूत काढायला दुकानाच्या पायरीवर येऊन बसला होता. तो उठून उभा राहिला.

"लुगडं घ्याला आलू होतो," मामा ओशाळून म्हणाला, "पण ही आधी इकरंच आली."

सत्यवतीने डबा उघडून फोटो सायकलच्या सीटवर पसरले. मान खाली नाही, काही नाही. "यात तुमी कंचे?"

"मी नाय त्यात," गणू जमिनीकडे बघत म्हणाला.

"ते मना कळला. सगळं फोटू बघितलं मी, रोज बघितलं." तिने एकेका फोटोवर बोट ठेवलं. "ही कोळीन हसतं. हा डायवर हसतं. ह्या हमालाचा चहा सांडला तरी ह्याला पत्ता नाय. सगली एकाच बाजूला बगतान. मना येवराच सांगा, त्या बाजूला कोन हाय?"

कमळाकर फोटोंकडे बघतच राहिला. इतक्या वेळा पाहिलेले फोटो, आणि हे त्याला दिसलं नव्हतं. माणसं स्वतःला विसरली होती ती त्याच्या हाताच्या देणगीमुळे नव्हे. ती गणूकडे बघत होती. पायडलवर, छत्रीवर, विमान शोधत उभ्या असलेल्या गणूकडे. देणगी होती ती ह्या काटकुळ्या माणसाकडे, आणि कमळाकर नुसती कळ दाबत होता.

"गणू आहे त्या बाजूला," तो म्हणाला. "एक न्हावी सोडला तर प्रत्येक फोटोत."

"मंग दाखवा," सत्यवती गणूला म्हणाली. "काय करत व्हता?"

गणूने कमळाकरकडे पाहिलं, मामाकडे पाहिलं. मग काळा चष्मा लावला, सदरा झटकला, रांगेतल्या पहिल्या सायकलच्या पायडलवर पाय ठेवला आणि आभाळातल्या विमानाकडे बघितलं. पहिली सायकल कलंडली, तिने दुसरीला घेतलं, दुसरीने तिसरीला, आणि सबंध रांग खणखणत आडवी झाली. गणू सगळ्यांच्या शेवटी पडला, पण मान वर ठेवून. सत्यवती पोट धरून हसत सुटली, इतकी की मामाला तिला पाणी द्यावं लागलं. लुगडं त्या दिवशी आणलं ते लग्नाचंच.

लग्नात कमळाकरने माळ्यावरचा डबा काढला. ह्या वेळी सरळ धरायचा, नाक आणि डबा एका दिशेला, असं त्याने शकूसमोर कबूल केलं होतं. नवरानवरी मांडवात उभी राहिली. कमळाकरने काचेच्या खिडकीत पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. मुंडावळ्यांखाली सत्यवतीची मान मोडल्यासारखी खाली गेलेली, आणि गणू पुन्हा चोरीच्या सायकलसकट पकडलेला. रोलमध्ये एकच फोटो शिल्लक होता. बाकीचे मुलीकडच्या वडीलधाऱ्यांनी टोप्या सरळ करून संपवले होते.

गणूला दोस्ताचा चेहरा वाचता येत होता. तो हळूच म्हणाला, "कसा दिसतंय?"

"दहाव्यासारखं," कमळाकर म्हणाला.

गणूने क्षणभर विचार केला. ह्या वेळी खरोखरच केला. मग तो पाटावरून उतरला आणि बाजूला मांडवाच्या खांबाजवळ जाऊन उभा राहिला. "कमल्या, नाक हिकडं कर आन् डबा आडवा धर," तो म्हणाला, आणि कुणाची तरी छत्री ओढून घेऊन बाशिंगासकट तिला टेकून विचार करू लागला.

तो फोटो पुढे कितीतरी वर्षं सायकलच्या दुकानात टांगलेला होता. त्यात एकटी नवरी आहे, मुंडावळ्या एका कानावर गेलेल्या, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसणारी. सायकल न्यायला आलेलं गिऱ्हाईक हटकून विचारायचं, "गणूशेट, लग्न तुमचं आणि फोटोत तुम्हीच नाही?"

गणू पंप खाली ठेवायचा, काळा चष्मा चढवायचा आणि फोटोच्या चौकटीबाहेर, भिंतीवरच्या रिकाम्या जागेवर बोट ठेवायचा.

"नाय कसा? ती बघतं कोनाकडं? हा काय, मी हिथं हाय."