बंदराबंदराला विचारत

आमची वस्ती वेल्ह्याच्या वरच्या अंगाला, शेळ्यामेंढ्या राखणाऱ्यांची. त्या साली दिवाळी झाल्यावर आमचे मालक, माझे घरधनी, बोकड विकायला महाडला उतरले आणि तिकडूनच एका गलबतावर कामाला लागले. पौषात भोरच्या बाजारात आम्हाला निरोप मिळाला. त्यांना जबर ताप चढला, म्हणून गलबतानं त्यांना दक्षिणेकडच्या कुठल्याशा बंदरात उतरवलं आणि ते पुढं गेलं. बंदर कुठलं, ते निरोप्यालाही ठाऊक नव्हतं.

सासऱ्यांनी आणि मी मढे घाट उतरून बाणकोट गाठलं. मामंजींनी जन्मात समुद्र पाहिला नव्हता. तिथला एक तांडेल, खलाशांचा म्होरक्या, रिकामं गलबत घेऊन कौलं भरायला मंगळूरकडं निघाला होता. बाईमाणूस गलबतावर नको म्हणाला. मामंजींनी पागोटं काढून त्याच्या पायाशी ठेवलं, तेव्हा तो नरमला. वाटेतल्या बंदरांत चौकशी करा, पण मी फार थांबणार नाही, असं त्यानं बजावलं.

सकाळी जमिनीवरून गार वारा सुटायचा आणि शीड फुगायचं. डाव्या हाताला डोंगर मागं सरकत राहायचे. रिकामं गलबत इतकं डुलायचं की मामंजी डोलकाठीला पाठ लावून, डोळे मिटून बसले. भाकरीचा तुकडा त्यांच्या पोटात ठरेना. हर्णैला कुणाला काही माहीत नव्हतं.

दाभोळला कळलं, की तापानं एक परका खलाशी गेला आणि त्याला किनाऱ्यावरच पुरलं. मी विचारलं, उंच होता का, घाटावरचं बोलायचा का? सांगणाऱ्यांना तेवढं ठाऊक नव्हतं. त्यांनी आम्हाला केवड्याच्या बनामागचा वाळूचा उंचवटा दाखवला. मामंजी तिथं खालीच बसले.

"पोरी, चल माघारी. ह्योच आपला."

"न्हाई. तोंड बघितल्याबिगर म्या न्हाई मानायची."

मी त्यांना दंडाला धरून उठवलं आणि होडीत बसवलं. पुढं वारा पडला. शीड ओल्या धोतरासारखं लोंबत होतं, गलबत जागचं हलेना. त्या उन्हात माझाही धीर सुटला. ती वाळू उकरून बघायला हवी होती, असं सारखं मनात येत होतं. मामंजींनी तर लेक गेला असं धरून कपाळावरचा बुक्का पुसून टाकला होता.

जयगडला उतरलो तेव्हा माझ्यानं विचारवेना. तांडेलानंच विचारलं. जाळी विणणाऱ्या एका म्हाताऱ्या मुसलमान बाईनं हात धरून मला तिच्या पडवीत नेलं. तिथं घोंगडीखाली हाडांचा सापळा पडला होता. मालकांनी माझ्याकडं बराच वेळ पाहिलं, मग मामंजींकडं.

"आबा," ते म्हणाले, "शेळ्या कुणाकडं ठिवल्या?"

मामंजींनी त्यांचे पाय पोटाशी धरले आणि ते लहान लेकरासारखे रडले. पेज पाजून पाजून त्या बाईनंच मालकांना जगवलं होतं.

परत गलबतावर पाय ठेवायला मामंजी तयार नव्हते. आम्ही एसटीनं, मालकांना दोघांच्या मध्ये धरून, घरी आलो. शिमग्यापर्यंत ते उठून बसले, पण तापानं उजवा पाय कायमचा अधू झाला. तेव्हापासून कळप घेऊन डोंगरात मीच जाऊ लागले.