फवारणीवर ढकललेला आजार

मी बायकोशी खोटं बोललो. त्याहून मोठी चूक अशी की, माझ्या खोट्यावर विश्वास ठेवून ती माझ्यासाठी भांडायला उभी राहिली, तेव्हा चार माणसांसमोर मी तिलाच खोटं पाडलं.

पवनानगरच्या अलीकडे गुलाबाची पॉलिहाऊस आहेत. त्यातल्या एकात आम्ही दोघं कामाला. मी फवारणी बघतो, ती बेंडिंग बघायची. बेंडिंग म्हणजे गुलाबाच्या कमजोर फांद्या न कापता बुडाजवळ वाकवायच्या आणि वाफ्याच्या कडेला आडव्या सोडायच्या. त्यांची पानं झाडाला पोसतात आणि बुडातून जाड, सरळ दांडी वर येते. तीच विकायची. सांगायला सोपं आहे, पण नवख्याच्या हातात फांदी तुटते. माझी बायको अंगठ्यानं दाबून किंचित पीळ देते. साल चिरते, फांदी राहते. बारा वर्षांत तिथं आलेल्या प्रत्येक बाईला हे तिनंच शिकवलं. "मोडायची न्हाई, वाकवायची," हे तिचं वाक्य सगळ्यांना पाठ होतं.

गेल्या वर्षी दिवाळी झाल्यावर एका सकाळी अंघोळ करताना मला लिंगाच्या वरच्या बाजूला कातडीखाली काहीतरी टणक लागलं. वाटाण्याएवढं. वरून काही दिसत नव्हतं. पंधरा दिवसांनी तिथं दुखायला लागलं, आणि महिन्याभरात ताठरता आली की ते वरच्या बाजूला वाकू लागलं. पन्नाशीला आलेल्या माणसानं हे कोणाला सांगायचं, हे मला कळेना. आजही हे लिहिताना हात अडखळतो.

आमच्याकडे कॅन्सर हा शब्द सहसा कोणी उच्चारत नाही. 'त्याला गाठ निघाली' एवढंच म्हणतात, आणि ऐकणारा पुढचं विचारत नाही. माझ्या वडिलांना, आबांना, पोटात गाठ निघाली होती. सुरुवातीला ते नुसतं जळजळतं म्हणायचे, सोडा प्यायचे. निघाल्यावर पाच महिन्यांत गेले. त्यामुळे ते टणक बोटाला लागलं तेव्हा माझ्या डोक्यात दुसरा शब्द आलाच नाही. गाठ.

दुपारच्या सुट्टीत औषध कालवायच्या टाकीमागे बसून मी फोनवर वाचायला लागलो. आजाराचं नाव सापडलं, पेरोनी. पहिल्यांदा बरं वाटलं, कारण तो कॅन्सर नाही असं लिहिलं होतं. तिथंच थांबायला हवं होतं. पण मी खाली खाली वाचत गेलो. ज्या पुरुषांना हा आजार होतो त्यांच्यात काही प्रकारचे कॅन्सर जरा जास्त दिसतात की काय, असा संशय काही अभ्यासकांना आला होता. त्या यादीत पोट होतं. आणखी खाली होतं की, हाताची बोटं तळव्याकडे ओढली जाण्याचा एक आजार आहे, तो आणि हा पुष्कळदा एकाच माणसात, एकाच घराण्यात सापडतात.

माझ्या वडिलांची उजव्या हाताची शेवटची दोन बोटं तळव्याकडे वळलेली होती. त्यांनी टाळी वाजवली की पोकळ आवाज यायचा. आरतीला आम्ही भावंडं त्या आवाजाला हसायचो. टाकीमागे बसल्या बसल्या मी माझा उजवा तळवा उघडून दाबून पाहिला. करंगळीशेजारच्या बोटाच्या मुळाशी एक बारीक कडक ठिपका होता. तो किती वर्षांपासून होता, मला माहीत नाही.

त्या दिवसापासून माझ्या पोटात जळजळायला लागलं. खरंच जळजळत होतं की मी वाट बघत होतो म्हणून जळजळत होतं, हे आता सांगता येत नाही.

घरी मी माझं अंथरूण पडवीत नेलं. पाचव्या दिवशी भाकरी थापता थापता तिनं विचारलं, "भाईर का झोपताय?"

"फवारणीचं औषध अंगात भिनलंय. डॉक्टरनं लांब ऱ्हायला सांगितलंय. तुला बाधंल."

"कंच्या डॉक्टरनं?"

"कामशेतच्या."

मी कोणत्याच डॉक्टरकडे गेलो नव्हतो. फवारणी तोंडाशी आली ती रोजच्या सवयीनं. आमच्याकडे डोकं दुखलं, खोकला आला, भूक मेली की पहिलं नाव औषधाचंच निघतं. तिनं परातीतला हात थांबवला आणि माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, पकडलं. पण तिच्या डोळ्यांत संशय नव्हता, काळजी होती. त्यानं मला जास्त लाज वाटायला हवी होती. मला सुटल्यासारखं वाटलं.

पुढचे काही आठवडे ती माझ्या ताटात तूप जास्त वाढायची आणि माझे कामाचे कपडे वेगळ्या बादलीत धुवायची. पॉलिहाऊसमधल्या बायकांना कुणकुण लागली होतीच. एकदा मी शेजारच्या वाफ्याला पाइप ओढत होतो, तेव्हा त्यांतली एक थोराड मावशी मोठ्यानं म्हणाली, "हिच्या हाताखाली समदं वाकतंय, येक नवरा सोडून."

सगळ्या हसल्या. बायकोही हसली आणि म्हणाली, "मावशी, त्यो आदीच वाकलाय. पाट बगा त्येची पंपानं कशी झालीया."

मी पाइप तिथंच टाकून बाहेर आलो. माझ्याविषयी त्यांना काहीही माहीत नव्हतं, तरी मला वाटलं, सगळ्यांना दिसतंय.

फेब्रुवारीच्या मालाची घाई सुरू झाली आणि फवारण्या वाढल्या. एका दुपारी मला ऑफिसात बोलावणं आलं. मालक तळेगावचे, शिकलेले, आवाज न चढवता बोलणारे. त्यांच्या टेबलासमोर माझी बायको उभी होती. सुपरवायझर होता, पॅकिंगच्या दोघी दारात होत्या.

"काय हो भाऊ," मालक म्हणाले, "वहिनी म्हणतायत फवारणीमुळे तुम्ही आजारी पडलात. डॉक्टरांनी सांगितलंय म्हणे. मला का नाही बोललात? मास्क, हातमोजे सगळं देतो ना आपण? डॉक्टरांचा कागद असेल तर दाखवा, मी दुसऱ्या कामावर घेतो तुम्हाला."

माझ्याकडे कागद नव्हता. कागद मागितला म्हणजे डॉक्टर आला, डॉक्टर आला म्हणजे कपडे काढणं आलं, आणि मग ते सगळं या टेबलावर येणार. मी म्हणालो, "तसं काय न्हाई साहेब. तिचा कायतरी गैरसमज झालाय. मी कुटल्या डॉक्टरकडं गेलोच न्हाई."

बायको माझ्याकडे बघत राहिली. दारातल्या दोघींपैकी एक तोंडाला पदर लावून हसली. मालक माझ्या बायकोला म्हणाले, "वहिनी, असं ऐकीव काहीतरी बोलू नका. चार बायका घाबरून काम सोडतील माझ्या."

दुसऱ्या दिवसापासून तिला बेंडिंगवरून काढून ग्रेडिंगच्या टेबलावर बसवलं. दांड्या मोजायच्या, लांबीनुसार ढीग लावायचे. पगार तोच होता. पण तिनं शिकवलेली पोरगी आता बेंडिंग बघत होती, आणि बायका ग्रेडिंगला येता-जाता विचारायच्या, "काय मग, कुटला डॉक्टर?" घरी जाताना कामगारांच्या जीपमध्ये ती पुढं ड्रायव्हरशेजारी बसायला लागली. माझ्याशी बोलणं बंद नव्हतं. मीठ हवंय का, गॅस संपला, एवढं चालू होतं. तिनं मला एकदाही जाब विचारला नाही, आणि मी रोज वाट बघायचो की आज विचारेल.

मार्चमध्ये जळजळ थांबेना, वजनही उतरल्यासारखं वाटलं. मोटरचा पार्ट आणायचा आहे असं सांगून मी कामशेतहून लोकल पकडली आणि लोणावळ्याला गेलो. तळेगावला आमच्या गावचं कोणीही भेटलं असतं.

डॉक्टर माझ्याहून लहान होते. त्यांनी तपासलं, पडद्याआडून बाहेर आले आणि हात धुता धुता म्हणाले, "ही कॅन्सरची गाठ नाही. गाठ म्हणूच नका तिला. आतल्या पडद्यावर व्रण झालाय, जखम भरताना कातडी घट्ट होते ना, तसा. तेवढी जागा ताणली जात नाही, म्हणून वाकतं."

मी फोनवर वाचलेलं सगळं एका दमात सांगितलं. वडील, पोट, बोटं. माझा तळवा पुढे केला. त्यांनी ठिपका दाबून पाहिला आणि मान हलवली.

"हाताचं आणि याचं नातं आहे," ते म्हणाले. "कॅन्सरचं मात्र तसं ठाम सांगता येत नाही. काही ठिकाणी थोडं जास्त प्रमाण दिसलंय, काही ठिकाणी नाही. एकामुळे दुसरा होतो, असं कोणी दाखवलेलं नाही. हा आजार नसता तरी मी तुम्हाला एक गोष्ट सांगितलीच असती. वडिलांना पोटाचा कॅन्सर, तुमचं वय, तीन-चार महिने जळजळ, वजन कमी. आतून दुर्बिणीनं बघून घेऊ."

"आणि फवारणीमुळं झालं असंल का हे?"

"तसं मानायला माझ्याकडे काही आधार नाही. मास्क घालाच, पण याचा दोष फवारणीला नका देऊ." मग चिठ्ठी लिहिता लिहिता म्हणाले, "तपासणीला घरचं माणूस सोबत लागेल. गुंगीचं औषध देतात, एकट्याला सोडत नाहीत. मिसेसना आणा. त्यांना हे माहीत आहे ना?"

मी हो म्हणालो. माझं आणखी एक खोटं.

तपासणीच्या दिवशी आम्ही कामशेत स्टेशनच्या बाकावर बसलो होतो. मी तिला फक्त 'पोट दाखवायचं आहे' एवढं सांगितलं होतं. गाडीला वीस मिनिटं होती. लोणावळ्याला डॉक्टर तिच्यासमोर बोलणार, हे मला ठाऊक होतं. त्याआधी मला बोलायचं होतं आणि शब्दच नव्हता. गाठ म्हटलं असतं तर ती तिथंच बसकण मारून रडली असती. आजाराचं नाव तिला कळलं नसतं. शेवटी मी रुळांकडे बघत म्हणालो, "आपल्या बेंडिंगसारखं झालंय माजं. खाली. दुकतंय, आन् सरळ ऱ्हात न्हाई. दिवाळीपासनं."

समोरच्या फलाटावर एक बाई भाजीची पाटी डोक्यावरून उतरवत होती, बायको तिच्याकडे बघत राहिली.

"फवारणी न्हाई?"

"न्हाई."

"डॉक्टर?"

"तवा न्हाई. आत्ता गेलतो, मागल्या आटवड्यात. गाठ न्हाई म्हणला. पोटाचं मातर बगायचंय. आबांसारखं नसावं म्हणून."

"आन् मला वाटलं," ती म्हणाली, "तुमाला माजी किळस यायला लागली."

मी तिचा हात धरला आणि माझं चुकलं म्हणायला तोंड उघडलं. तिनं हात सोडवून घेतला.

"हितं नका म्हणू. जितं मला खोटी पाडली, तितं जाऊन म्हणा." मग पिशवीतून पाण्याची बाटली काढता काढता थांबली, मला तपासणीपर्यंत पाणी प्यायचं नव्हतं. "आदी पोट बगू," ती म्हणाली आणि बाटली परत ठेवली.

पोटात गाठ नव्हती. सूज होती, बारीक जखमा होत्या, एक तुकडा तपासायला पाठवला होता. त्याच्या रिपोर्टची आठ दिवस आम्ही दोघांनी वाट बघितली, आणि त्या आठ दिवसांत ती पडवीत येऊन माझ्या अंथरुणाशेजारी बसायची. रिपोर्ट साधा आला. वर्षानं परत दाखवा म्हणाले. वाकलेलं तसंच आहे. औषध चालू आहे, दुखणं कमी झालंय. फोनवर वाचलेली ती यादी अजून माझ्या डोक्यातून गेलेली नाही. जळजळलं की आठवते.

रिपोर्ट आला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी ग्रेडिंगच्या शेडमध्ये गेलो. मालक कोल्ड रूमच्या दाराशी होते, त्यांना म्हणालो, जरा हितं या. ती मावशी होती, पॅकिंगच्या त्या दोघी होत्या. बायको टेबलावर दांड्या लावत होती, तिनं मान वर केली नाही. कुठला आजार, असं कोणी विचारलं तर काय सांगायचं, हे मी ठरवलंच नव्हतं.

मी म्हणालो, "त्या दिवशी ऑफिसात ही खोटं बोलली न्हवती. मीच तिला सांगितलं हुतं, औषधानं झालंय, डॉक्टर म्हणला. डॉक्टर न्हवता आन् औषधानं बी न्हवतं झालं. आजार माजा हुता, सांगायला लाज वाटंल अशा जागंचा. माजी लाज झाकायला मी हिला तुमच्याम्होरं खोटी पाडली." मग तिच्याकडे वळलो. तिच्या हातात एक दांडी तशीच होती. "माजं चुकलं. मला माफ कर."