पंगतीतला पाठमोरा माणूस

भाऊबीज आटोपली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहालाच सासऱ्यांची जीप नागपूरच्या सदर भागातल्या आमच्या घरासमोर येऊन उभी राहिली. सासरे संत्र्यांचे व्यापारी, त्यामुळे जीपमध्ये माणसांपेक्षा संत्र्यांची सोय जास्त. पुढे ते एकटे, मागे भरलेल्या टोपलीला धरून मी आणि माझी बायको विमल. निघालो होतो चिखलदऱ्याला, सिनेमातला बंगला बघायला.

सिनेमाचं नाव सांगत नाही. दर दिवाळीला तो नागपुरात पुन्हा लागतो आणि बायका पदर ओले करून घरी येतात, एवढ्यावरून ओळखा. शेवटी दुरावलेलं कुटुंब डोंगरावरच्या बंगल्यात एकत्र येतं, ओसरीभर पणत्या लागतात आणि जेवणाची मोठी पंगत बसते.

मी त्या बंगल्याला घाबरत होतो. त्याचं कारण पाच वर्षांपूर्वीचं. मुलगी बघायला गेलो तेव्हा सासऱ्यांनी या सिनेमाचा विषय काढला. मी पाटबंधारे खात्यात कारकून, सांगण्यासारखं माझ्याजवळ काही नव्हतं. बोलून गेलो, "त्या पंगतीत पाठमोरा बसलेला तिसरा माणूस आहे ना, तो मी." सासरे उठून मला कडकडून भेटले. स्वतःचं घर असलेल्या एका डॉक्टरचं स्थळ त्या दिवशी मागे पडलं. चिखलदरा मी तोवर नकाशातसुद्धा नीट पाहिला नव्हता.

कोंढाळीला चहा झाला. तळेगावला एका टपरीत सांबारवड्या मिळाल्या. सांबार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर. तिचं तिखट सारण भरून तळलेली ही वडी खाताना माणसाला दुसरं काही सुचत नाही. मला मात्र सुचत होतं. अमरावती गेली, परतवाडा गेलं, आणि घाट सुरू झाल्यावर जीपच्या इंजिनातून वाफ निघाली. मनात म्हटलं, सुटलो. पण सासऱ्यांनी ओढ्यातून डबाभर पाणी आणून ओतलं आणि जीप निर्लज्जासारखी सुरू झाली.

घाट मात्र सुंदर होता. सागाची पानं पिवळी पडू लागली होती, दरीतून गार वारा वर येत होता. संध्याकाळी गावात एका गवळ्याकडे दाट रबडी खाल्ली आणि तिथेच त्याच्या पडवीत मुक्काम केला.

सकाळी बंगला पाहिला. पडद्यावर राजवाडा वाटणारं ते घर प्रत्यक्षात आमच्या कचेरीएवढंच निघालं. ओसरीवर शेळी बसली होती. चौकीदार म्हातारा, डोक्याला मफलर. सासऱ्यांनी मला त्याच्यापुढे उभं केलं.

"यायले ओळखलं का, गा? शूटिंगमध्ये होते."

म्हाताऱ्याने माझ्याकडे पाहिलं, मग जीपमधल्या टोपलीकडे.

"काहून नाही ओळखणार? पंगतीत होते साहेब."

मी चक्रावलो, पण लगेच हायसंही वाटलं. सासऱ्यांनी खूश होऊन त्याला चार संत्री दिली. तिथेच चुकलं. एक संत्रं सोलत तो म्हणाला, "यायले खोटं खोटं जेवाचं होतं. यायनं बारा पुऱ्या खाल्ल्या. शूटिंगचे मोठे साहेब लय चिडले."

सासरे पोट धरून हसले. आणखी चार संत्री दिली.

"आन् ते नाचणारी बाई होती ना, तिच्या मांगं मांगं फिरत. एक दिवस चिठ्ठी देल्ली. तिनं चप्पल काढली, मंग हे त्या मागच्या भिंतीवरून पयाले."

सासऱ्यांचं हसू थांबलं. विमल भिंतीकडे पाहत होती. भिंत उंच होती. मला तिच्यावर चढताही आलं नसतं. म्हाताऱ्याने पुन्हा टोपलीकडे पाहिलं तसा मी म्हणालो, "थांबा. हा खोटं बोलतोय. मी इथं याआधी कधी आलेलोच नाही. पंगतीतला माणूस मी नाही. मी तुम्हाला खोटं सांगितलं होतं."

पाच वर्षं अडकलेलं वाक्य बाहेर पडलं. पण सासऱ्यांना ते पटेना.

"आता अंगावर आलं तर नाही म्हणून राहिले. मर्दानं केलं ते कबूल करावं, जावईबापू."

खरं बोलूनही मी तिथे चपलेचा मार चुकवून पळालेला माणूसच ठरत होतो. शेवटी विमल बोलली.

"बाबा, तो पंगतीतला माणूस उजव्या हातानं जेवते. हे डावरे आहेत, जेवतात डाव्या हातानं."

सासरे तिच्याकडे वळले. "तुले केव्हापासून माहीत आहे?"

"लग्न झाल्यावर पहिल्यांदा सिनेमा पाहिला तेव्हापासून."

चौकीदार शांतपणे संत्रं खात होता. त्याचं काहीच बिघडलं नव्हतं. सासऱ्यांनी त्याला उरलेली संत्री दिली नाहीत आणि माझ्याशी ते अमरावतीपर्यंत बोलले नाहीत. बाजारातल्या प्रत्येक माणसाला त्यांनी सिनेमातली ‘माझी’ पाठ दाखवून ठेवली होती. त्यांना जे वाटलं ते मला समजत होतं.

मागे टोपलीशेजारी मी विमलला हळूच विचारलं, "इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"तुमी स्वतः सांगाल म्हणून वाट पाहून राहिली होती." टोपली सावरत तिने विचारलं, "आणखी काय काय खोटं आहे?"

मग तळेगावपासून मी सगळं सांगत गेलो. लग्नाच्या वेळी नोकरी कायम नव्हती. काकांचा म्हणून सांगितलेला मळा काकांचा नव्हता. प्रवासात माणूस नवं काही पाहतो म्हणतात. मी तर पाच वर्षं शेजारी बसलेली बायकोच पहिल्यांदा पाहत होतो. कोंढाळीला चहाला थांबलो तेव्हा सासऱ्यांनी पहिला कप माझ्यापुढे सरकवला.

जीप पुन्हा सुरू झाल्यावर मी विचारलं, "तो मी नाही हे कळल्यावरही तू तो सिनेमा पाहायला जायचीसच ना?"

"तीनदा गेली," विमल म्हणाली. "पाठ चांगली होती त्या माणसाची."

नागपूर येईपर्यंत मी ताठ बसून राहिलो.