हाडासाठी पाजलेलं दूध

मच्छिंद्रची मांडी मोडली ती ओट्यावरून उतरताना. ओटा केवढा, तर वीतभर. कडकन आवाज झाला तेव्हा झुंबरबाईला वाटलं, चुलीपाशी कुणी सरपण मोडलं. वळून पाहते तर नवरा आडवा. वीतभर उतरताना माणसाची मांडी मोडते? तिचं डोकंच चालेना.

मच्छिंद्र अंकुशनगरच्या साखर कारखान्यात फिटर. अठ्ठ्याण्णव साली दोन्ही किडन्या गेल्या, तेव्हापासून सहा वर्षं आठवड्यातून दोनदा औरंगाबादला डायलिसिस. पुढं हाडं ठणकायला लागली, तशी झुंबरबाईनं कंबर कसली. गळ्यातली सोन्याची पोत मोडून म्हैस आणली. हाड दुखलं की दूध, जास्त दुखलं की जास्त दूध. यात डॉक्टरला काय विचारायचं? सकाळ-संध्याकाळ फुलपात्र भरून द्यायची. तो "पुरे" म्हणाला की डोळे वटारायची.

औरंगाबादच्या दवाखान्यात डॉक्टरांनी तिला समोर बसवलं. "गळ्यात गव्हाच्या दाण्याएवढ्या चार ग्रंथी असतात. किडनी बंद, म्हणून रक्तात फॉस्फरस साठतो. त्यानं या ग्रंथी चेकाळतात आणि हाडांतलं कॅल्शियम ओढून घेतात. यांची हाडं पार ठिसूळ झालीत. मांडीत सळई घालू, मग साडेतीन ग्रंथी कापून काढू. तरी पुन्हा उभे राहतील याची खात्री नाही."

मोडली मांडी आणि कापायचा गळा!

"पण साहेब, मी तं रोज दूध पाजून राह्यले. म्हशीचं. बिलकुल पाणी न टाकता."

डॉक्टर लिहिता लिहिता थांबले. "दूध? त्यात तर फॉस्फरस भरपूर. दूध बंद करा म्हणून दोन वर्षांपूर्वीच बजावलं होतं मी यांना."

झुंबरबाई तशीच उठून वॉर्डात आली. मच्छिंद्र छताकडं बघत पडला होता.

"दूध बंद सांगितल्तं तुम्हाला?"

तो छताकडंच बघत बोलला. "तू पोत मोडून म्हैस आणल्ती. धार काढून येताना लई खूश असायचीस. मला न्हाई म्हणवलं न्हाई."

"अहो, मंग मी इख पाजून राह्यले, अन् तुम्ही समजून उमजून पिऊन राह्यले?"

"व्हय."

झुंबरबाईला असा संताप आला, की या माणसाला धरून बदडून काढावं. पण हात लावायचा तरी कुठं? त्याच्या अंगात धड हाड एकही उरलं नव्हतं.