तीन भाषांतला अंदाज

आमच्या अण्णांइतका ‘व्हय’ या उत्तराला घाबरणारा माणूस साऱ्या सीमाभागात सापडायचा नाही. २०१०च्या सुमाराला भालकीत, बियाण्यांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर, बेंगळुरूच्या एका कंपनीने सॉफ्टवेअरची छोटी कचेरी उघडली. आम्ही सहा जण, सगळे नवखे. आणि पुण्याची नोकरी सोडून परतलेले अण्णा आमचे प्रमुख. पद्धत ॲजाइलची : पुढच्या दोन आठवड्यांत किती कामं होतील ते आधी कबूल करायचं आणि तेवढी करून दाखवायची. अण्णांचं निम्मं आयुष्य त्या कबुलीत जायचं.

मुलाखतीतच त्यांनी मला हादरवलं. संगणकाचं अवाक्षर नाही, थेट विचारलं, “भावकीत लग्नाची किती पोरं हायत?” मी चळवळीच्या पत्रकांवर वाढलेली, बाईच्या खासगी आयुष्यावर दहा मिनिटं कडाडले. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. “भाषण चांगलं झालं. आता आकडा सांग.” त्यांच्या कॅलेंडरावर साऱ्या टीमच्या चुलत-मावस भावंडांची लग्नं आणि लाइट जायच्या वेळा टिपलेल्या असत. “टीम सहाची, पर लग्नसराईत चारचीच धरावी,” असं त्यांचं गणित. पण खरा धक्का पुढेच होता. ते प्रत्येकाला एकच प्रश्न तीन भाषांत विचारत. राजेश्वर गावाहून रोज बसने येणारी, आमच्या टीममधली महादेवी मराठीत म्हणाली, “दोन दिवसांत व्हतंय की, अण्णा.” त्यांनी कन्नडात विचारलं, ती म्हणाली, “नाल्कु,” म्हणजे चार. मग बाजारात चालणाऱ्या दख्खनी हिंदीत, “सच्ची बोल, कित्ते दिन?” तर खुदकन हसून, “आठ दिन तो होनाच!” अण्णांनी आठ लिहिले. ही कसली पद्धत, म्हणून मी भांडले. ते म्हणाले, “मराठीत तुमी माझा मान राखता, कन्नडात घरच्यांचा. बाजारच्या बोलीत कुणाचाच न्हाई. मला तेवढंच पायजे.”

अशा मोजणीतून पहिल्या पंधरवड्याच्या खेपेचा आकडा निघाला : नऊ कामं. बेंगळुरूचे साहेब फोनवर फिसकन हसले. “दुसरीकडची टीम वीस करते. तिकडच्या पोरांना झेपत नसेल तर तसं सांगा.” अण्णा शांतपणे म्हणाले, “साहेब, नव्या विहिरीवर पहिल्याच साली ऊस लावत न्हाईत. आधी एक उन्हाळा पाणी बघतात.” माझं डोकं मात्र भडकलं. आमच्या मातीचा अपमान! मी फोनवर ओरडले, “वीस करू!” फोन बंद झाल्यावर अण्णा एवढंच म्हणाले, “कामून गं? लढाई व्हती का ही?”

आम्ही जिवाचं रान केलं. झाली अकरा, आणि त्यातली चार मोडकी. महादेवीला घरून नोकरीची परवानगी एकाच अटीवर होती : पाचची बस चुकायची नाही. त्या पंधरवड्यात तिची बस तीनदा चुकली. तिसऱ्यांदा चुकली त्याच्या दुसऱ्याच दिवशी तिचे वडील भरदुपारी जिना चढून आले. लेकीचा डबा उचलला आणि दारातून विचारलं, “एवढं काम कबूल केलं कुनी?”

मी तोंड उघडलं. ज्या तोंडाने मी चौकाचौकांत ‘खरं बोला’ म्हणून घोषणा दिल्या, ते मिटून मी संगणकाच्या पडद्याकडे वळले. अण्णा उठले, हात जोडले. “मीच, अप्पा. अंदाज चुकला माझा. लेकीचा काय दोष न्हाई.”

वडील थांबले नाहीत. महादेवी मागे न बघता जिना उतरली.

अण्णांनी मला कधी बोल लावला नाही. त्याचाच मला आजवर धक्का आहे. रागवले असते तर मी भांडून मोकळी झाले असते. पुढच्या खेपेला साहेबांनी मुकाट्याने आमचा आकडा विचारला. अण्णांनी टीम पाच जणांची धरली, प्रत्येकाला तीन-तीनदा विचारलं, आणि सांगितलं : सात. सातच झाली. कचेरी टिकली. साहेबांनी फोनवर शाबासकी दिली, पोरांनी टाळ्या वाजवल्या. अण्णा खिडकीबाहेर बघत राहिले. त्यानंतर कुठलाच बिनचूक आकडा मला इतका झोंबला नाही.